कॉलम कशाचा करायचा

३ मार्च, सोमवार

बाबांनी काढलेली मिलिंग मशीनची, म्हणजे धातू कापायच्या यंत्राची, ड्रॉइंग्ज आज परत उघडली. अकरा कागद. मापं सगळी आहेत — टेबल साडेचार फूट, कॉलम, म्हणजे मशीनचा उभा खांब, माझ्याहून उंच — पण मटेरियलचा रकाना कोरा! जानेवारीभर जेवताना आमचं त्यावरूनच वाजायचं. मी म्हणायची पोलादी प्लेटा वेल्ड करू, ते म्हणायचे ओतीव लोखंड, बीडच हवं. शेवटी 'बघू' म्हणाले. आणि पाच फेब्रुवारीला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

हे मशीन दोघांनी मिळून बांधायचं म्हणून हिंगण्याची नोकरी मी त्यांच्या भरवशावर सोडली. आता कोणाशी भांडू?

६ मार्च

सदरच्या दवाखान्यात स्पीच थेरपी. त्यांना समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. घाई करायची नाही.

परतताना ऑटोत मी विचारलंच — बाबा, बीड की पोलाद? ओठ नुसते हलले. मग डोळे भरले. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती विसरणार नाही.

९ मार्च

काही केलं नाही.

१३ मार्च

हिंगण्यातला फॅब्रिकेटर म्हणतो, पंधरा दिवसांत सांगाडा उभा करतो. पण वेल्डिंगनं प्लेटा ओढल्या जाणार, वाकणार. ताण काढायला अख्खा सांगाडा भट्टीत तापवायला हवा. एवढी भट्टी त्याच्याकडे नाही. आणि बीड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवायला लाकडी पॅटर्न लागतो. तो करणारे म्हणजे बाबाच! चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं.

मला काही सुचत नाहीये. ड्रॉइंगसमोर बसते, चहा गार होतो, उठते.

१७ मार्च

दुपारी प्रताप नगरच्या आमच्या पोर्चमध्ये बाबांना खुर्चीवर बसवलं. दोन तुकडे दोरीनं टांगले — एक बिडाचा, एक पोलादाचा. बिडावर हातोडी मारली. ठक्. संपलं. पोलाद मात्र घणघणत राहिलं. बाबांनी डावा हात पुढे केला आणि तो तुकडा मुठीत गच्च धरला. आवाज बंद झाला तरी सोडला नाही.

कळलं. पोलादी कॉलम केला तर कापताना मशीन असंच थरथरेल. महिनाभर तोंडानं सांगत होते तेव्हा ऐकलं नाही मी.

आई म्हणाली, "झालं ना समाधान? आता त्यांना पडू दे."

पण पॅटर्नचं काय?

२० मार्च

बाबांच्या जुन्या ओळखीच्या रुपरावकाकांच्या फाउंड्रीत गेले. पॅटर्न करणारा कोणी मिळतो का, विचारायला. बाबांच्या आजाराचं त्यांना माहीतच नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. मग मला मागच्या कुंपणाशी घेऊन गेले. गवतात कॉलम आडवा पडला होता. गंज चढलेला, माझ्याहून लांब.

"जानेवारीतच ओतला, बेटा. पॅटर्न त्यायनं इथंच बसून केला. म्हणे, वर्षभर उन्हापाण्यात पडू दे, ओतण्याचा ताण निघून जाते. मंग पोरगी येईन न्यायले."