रेघ नसलेल्या साहेबांना आत न सोडणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
दीर्घ उपचार कक्ष.

अर्जदार : सदर कक्षाच्या दारावरील पहारेकरी.

विषय : अँटीबॉडी चाचणीच्या पट्टीवर रेघ न उमटल्याने आपणांस कक्षात प्रवेश न देण्याबाबत आपल्याच सहीचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपला काल दारात झालेला तोंडी आरडाओरडा.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, तापाची साथ आल्यावर आपण नियम केलात : ज्याला ताप येऊन गेला आहे व ज्याच्या रक्तात त्या तापाच्या अँटीबॉडी सापडतात, त्याच नातेवाइकाला आत सोडावे. इतरांपासून आतल्या म्हाताऱ्या माणसांना धोका. नियम वाईट होता असे अर्जदाराचे तेव्हाही म्हणणे नव्हते. त्याचे स्वतःचे वडील त्याच कक्षात, दारासमोरच्या खाटेवर होते.

२. अर्जदाराला ताप येऊन गेला होता, आणि चांगला सणसणून आला होता. बायकोने चमच्याने पाणी पाजले, तेव्हा चाचणीला जायचे त्राण कुठून असणार? बरा झाल्यावर त्याने आपल्यासमोर बोट टोचून घेतले. रेघ आली नाही. आपण पट्टी उजेडाकडे धरून म्हणालात, "रेघ नाही म्हणजे ताप नाही. ताप नाही म्हणजे आत नाही." वर "कामचुकारपणाला हल्ली ताप म्हणतात वाटतं," असेही म्हणालात. सगळे हसले.

३. प्रयोगशाळेतील डॉक्टरबाईंनी तेव्हाच आपणांस लेखी कळविले होते. त्यांनी अर्जदाराला ते समजेल असे सांगितले, तसेच तो येथे नमूद करतो. पट्टीत विषाणूचा एक तुकडा बसवलेला असतो, रक्तातल्या अँटीबॉडी त्याला चिकटल्या की रेघ उमटते. पण पट्टीतला तुकडा पहिल्या साथीतल्या विषाणूचा. मधल्या काळात विषाणूने नेमका तोच भाग बदलला. नव्या तापातून उठलेल्याच्या अँटीबॉडी नव्या रूपाच्या. जुन्या तुकड्याला त्या कोणाच्या चिकटतात, कोणाच्या अर्धवट, कोणाच्या मुळीच नाही. "तुम्हाला ताप आला नव्हता असं नाही हो, पट्टीला तो ओळखता आला नाही," असे बाई म्हणाल्या. नवीन पट्ट्या मागवा म्हणून त्यांनी आपल्यामागे लकडा लावला. त्यावर आपले उत्तर कक्षात सर्वांना पाठ आहे : "विषाणू बदलला म्हणून नियम बदलत नसतो."

४. त्यानंतर अर्जदार रोज इतरांच्या मुलांसाठी दार उघडत होता व स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राहत होता. वडिलांच्या चष्म्याची काडी मोडली होती. ती त्याने दुरुस्त करून आणली, परंतु बाहेरची वस्तू आत नाही, हाही आपलाच नियम. चष्मा खिशातच राहिला. शेवटच्या दिवशी दार उघडे असताना वडिलांनी मान वळवून अर्जदाराकडे पाहिले आणि नर्सबाईंना विचारले, "कोण आहे तो? दार लाव म्हणावं त्याला, वारा येतोय."

अर्जदाराने दार लावले. पुन्हा उघडले तेव्हा खाटेवर चादर तोंडापर्यंत ओढलेली होती.

५. आता आपल्या मातोश्री त्याच खाटेवर आहेत. आपणांसही नवा ताप येऊन गेला. आपण खोकत होतात तेव्हा अर्जदार शेजारीच उभा होता, त्यामुळे ताप खरा होता याची साक्ष तो आनंदाने देईल. मात्र आपली पट्टी कोरी निघाली. काल आपण दारात येऊन "पट्टी चुकीची आहे, विषाणू बदललाय, एवढंही कळत नाही का तुला?" असे ओरडलात. कळते, साहेब. अर्जदाराने आपलीच दोन वाक्ये आपणांस अदबीने ऐकवली व तो दारातून हलला नाही. आपल्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अर्जदाराला कित्येक दिवसांनी जेवण गोड लागले, हे तो लपवू इच्छित नाही.

६. दार वाजले की मातोश्री विचारतात, "माझा ढब्ब्या आला का?" (सदर संबोधन मातोश्रींचे असून अर्जदाराने त्यात भर घातलेली नाही.) त्यांच्याशी अर्जदाराचे काहीही वैर नाही. त्यांचा चष्मा शाबूत आहे, त्या आपणांस दारातूनही ओळखतील. इतकी तरी आपली चैन आहे.

७. सबब विनंती की, खालीलपैकी एक आदेश आजच्या आज द्यावा :

(अ) रेघ नसल्याने अधीक्षक साहेबांना आत सोडू नये. अर्जदार तो दारावर मोठ्या अक्षरांत लावील, किंवा

(आ) जुन्या पट्टीचा नियम रद्द करावा. मग आपण खुशाल आत जावे, अर्जदार स्वतः दार धरून उभा राहील. अट एकच. आपल्या कार्यालयातून निघणाऱ्या आदेशांवर "पूर्वलक्षी प्रभावाने लागू" असे शब्द नेहमी असतात, म्हणजे मागच्या तारखेपासून. तेच शब्द याही आदेशावर असावेत. नियम अर्जदाराचे वडील जिवंत होते त्या तारखेपासून रद्द व्हावा, व त्या दिवशी अर्जदार आत गेला होता, असे धरण्यात यावे.

आपल्या सहीत तेवढी ताकद नसल्यास, आदेश (अ) वर सही करावी.

आपल्याच दारावर उभा,
पहारेकरी

दिनांक : आपली पट्टी कोरी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सोबत :
१. अर्जदाराची कोरी पट्टी.
२. आपली कोरी पट्टी. (दोन्हींत फरक आढळल्यास कळवावे.)
३. वडिलांचा चष्मा, दुरुस्त केलेला. आता तरी आत घ्यावा.