शेजारच्या सीटचा ब्रेक

प्रिय सूनबाई,

तू वरच्या मजल्यावर, मी खालच्या, मधे सोळा पायऱ्या; आणि तरी हे पत्र. आधी पोटभर हसून घे, मग वाच. तोंडावर बोलायला गेले की माझा आवाज आपोआप शिकवणीचा होतो आणि समोरचा माणूस क्लच दाबायला विसरतो, हे काय तुला सांगायला हवं? परत येऊन आज अकरा दिवस झाले. प्रवासातल्या सगळ्या गोष्टी आपण दोघींनी तुझ्या नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगितल्या, फक्त त्या बोगद्याचं नाव तूही काढलं नाहीस आणि मीही नाही. तू गप्प राहिलीस ती माझ्यासाठी. मी गप्प राहिले तीही माझ्यासाठीच. मी यापुढे गाडी चालवायची की नाही, हा प्रश्न त्या बोगद्यापासून माझ्या मानगुटीवर बसलाय, आणि त्याचं उत्तर सगळ्यांच्या आधी तुला द्यायचंय.

सुरुवात जुन्या रागापासूनच करते. एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. शिंपी, नर्स, निवृत्त मास्तर, लग्न ठरलेल्या मुली, सगळे माझ्या शेजारी बसून घामाघूम झाले. आणि माझी सून मात्र लग्नानंतर तीन महिन्यांत समोरच्या फुटपाथवरच्या गाडी शिकवायच्या शाळेत नाव घालून आली! तेही त्या मिशीवाल्याकडे, ज्याचं नि माझं गाडी लावायच्या जागेवरून वीस वर्षं वाजत होतं. मी जाब विचारला तर तू शांतपणे म्हणालीस, आई, घरात मला तुमची सून म्हणून राहायचंय, शिकाऊ म्हणून नाही. उत्तर चोख होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्यानंतर सहा वर्षं तू चालवत असलेल्या गाडीत मी पाऊल ठेवलं नाही, आणि तूही कधी बसा म्हणाली नाहीस.

या एकतीस वर्षांत मी गाडी चालवली ती त्याच आठ गल्ल्यांत. बेकरीपाशी वळायचं, पोस्टापाशी वळायचं, शाळेपाशी हळू. म्हणून या उन्हाळ्यात मी हट्ट धरला की एकदा या थंड देशाच्या उत्तर टोकाला जायचं, रस्ता संपेपर्यंत, आणि माझ्याच गाडीनं. शिकवणीची गाडी ती, दोन्ही सीटांपुढे क्लच आणि ब्रेक. तुझा नवरा सोबत येणार होता. निघायच्या आठवडाभर आधी तो जिन्यातला दिवा बदलायला शिडीवर चढला आणि घोटा मोडून घेऊन खाली आला. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. तो म्हणाला, आई, तुला वेड लागलंय का. आणि तू कपबश्या पुसता पुसता, मान वर न करता म्हणालीस, मी जाते की आईंबरोबर. ज्या सुनेनं कानाच्या दवाखान्यातून कधी दोन दिवस सलग रजा घेतली नव्हती, ती एकोणीस दिवसांची रजा मंजूर करून आली. मला वाटलं, म्हातारीवर नजर ठेवायला येतेय. तोंड वाकडं करूनच मी गाडीत बसले, हे आता कबूल करते.

पण काय रस्ता होता गं तो! चौथ्या दिवसापासून गावं संपली आणि नुसती झाडं सुरू झाली. उंच, काळपट हिरवी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी, आणि मधूनच एखादं तळं, इतकं स्तब्ध की गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय राहवेना. उतरलं की डास अंगावर तुटून पडायचे आणि आपण दोघी किंचाळत परत गाडीत. पंपावर पाटी होती, पुढचा पंप दोनशे दहा किलोमीटरवर. ती वाचून तू मुकाट्यानं आणखी एक डबा भरून घेतलास. मागून येणारे ट्रकवाले आपल्यापासून इतकं अंतर ठेवून का चालतात, याचं मला फार नवल वाटत होतं. सहाव्या दिवशी तू मागची काच पुसायला गेलीस तेव्हा कळलं, ‘शिकाऊ चालक’ ही पाटी काढायची राहूनच गेली होती. रस्त्याच्या कडेला बसून आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तू लग्न होऊन घरात आल्यापासून आपण दोघी एकत्र इतक्या कधी हसलोच नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मुक्कामाच्या त्या लाकडी खोल्यांत तू नीट झोपली नाहीस, हेही मला दिसत होतं. बाहेर उजेड सरतच नव्हता आणि मी मात्र जाड पडदे लावू द्यायची नाही. मोकळं वाटतं, असं कारण सांगायची. तू एकदाही कुरकुरली नाहीस. ओढणी डोळ्यांवर बांधून पडून राहायचीस आणि सकाळी उठून माझा थर्मास भरायचीस.

नकाशावर मी पेन्सिलीनं जो मार्ग आखला होता तो मुद्दाम घाटांवरून जाणारा होता. तुला सांगितलं, देखावा चांगला आहे. नवव्या दिवशी दरड कोसळून घाट बंद झालेला निघाला आणि बाणाची पाटी आपल्याला बोगद्याकडे घेऊन गेली. चार किलोमीटर, आत दिवे नाहीत. तेव्हाच मी गाडी बाजूला घेऊन तुला म्हणायला हवं होतं, तू चालव. जीभ रेटली नाही. आत शिरलो आणि माझ्यापुढचं सगळं पुसलं गेलं. गाडीचे दिवे लागलेले होते, पण मला दिसत होता तो नुसता राखाडी धूर, आणि मागे ट्रकची घरघर. भिंत कुठे, पट्टा कुठे, कशाचाच पत्ता नाही. आणि तेवढ्यात माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. हळूच, धक्का न देता.

एकतीस वर्षांत किती जणांच्या पायाखालून मी ते पेडल असं काढून घेतलं असेल. ते कसं वाटतं, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. लाज वाटते. पण लाजेच्याही आधी हुश्श वाटतं, हे मला माहीत नव्हतं. मग तुझा आवाज आला, दवाखान्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलतेस तोच, ना चढा ना घाईचा. आई, थोडं माझ्याकडे. बस. आता थोडं तुमच्याकडे. आता सरळ. मागच्या ट्रकसाठी तू लुकलुकणारे दिवे लावलेस. बारा मिनिटं मी तुझ्या डोळ्यांनी गाडी चालवली. तुझ्या जागी मी असते तर आरडाओरडा करून तो बोगदा डोक्यावर घेतला असता.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि कड्यावरून पाणी पडत होतं. मी गाडी थांबवली आणि तुझ्या प्रश्नाची वाट पाहत बसले. तू प्रश्न विचारलाच नाहीस. थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, आई, बसून बसून माझी पाठ आखडलीय, जरा मी चालवू का? अगं, परवानगी मागितलीस तू माझी! त्या एका वाक्यासाठी मी तुझे सगळे जुने अपराध माफ केले, मिशीवाल्यासकट.

मग मी पहिल्यांदा तुला गाडी चालवताना पाहिलं. सवयीनं चुकाच शोधायला बसले होते. पहिल्या दिवशी चार वेळा मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि चारही वेळा तू थँक्यू आई म्हणालीस. दोनदा मला राग आला, तिसऱ्यांदा हसू आलं. वळण दिसायच्या आधीच तुझा वेग उतरलेला असतो. खडीच्या रस्त्यावर तू स्टिअरिंगशी झटापट करत नाहीस. ती मोठी हरिणी पाडसाला घेऊन रस्त्यात उभी राहिली तेव्हा तू इंजिन बंद करून वीस मिनिटं स्वस्थ बसलीस. पाडस चार पावलं जायचं, परत यायचं, आणि तू त्याच्याकडे पाहून हसत होतीस. इतका धीर धरायला मी माझ्या कुठल्याच शिकाऊला शिकवू शकले नाही. आणि पुढे जिथे जिथे बोगदा लागणार होता, तिथे तू आधीच जुना डोंगरातला रस्ता शोधून ठेवायचीस. एकदा तर सत्तर किलोमीटरचा वळसा घातलास आणि म्हणालीस, वर फुलं असतील. फूल एकही नव्हतं, नुसता बर्फ होता, तरी आपण दोघींनी ‘काय सुंदर’ म्हटलं.

परतीच्या वाटेवर तू सहज विचारलंस, उत्तरेलाच का यायचं होतं तुम्हाला? मी विषय बदलला. खरं उत्तर असं, की उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही. हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की अंधारातलं दिसणं जात चाललंय, पुढे कडेचंही जाईल, आणि यावर औषध नाही. मी कुणाला बोलले नाही. गुडघ्यांचं निमित्त करून संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या. गाडी सोडण्याआधी एकदा तरी मोठ्या रस्त्यावर पोटभर चालवायची होती, आणि जिथे अंधार पडत नाही तिथे माझं पितळ उघडं पडणार नाही, असा माझा हिशोब होता.

तो हिशोब कसा फसला होता, ते घरी आल्यावर कळलं. पहिल्याच संध्याकाळी, आपण नसताना लावून घेतलेल्या नव्या दिव्यानं जिना दिवसासारखा उजळलेला पाहून मी तुझ्या नवऱ्याला विचारलं, तर तो बिचारा भाबडेपणानं म्हणाला, जुना दिवा चांगला चालू होता गं, हिलाच दुप्पट उजेडाचा हवा होता, म्हणून तर मला शिडीवर चढवलं. मी तिथेच तिसऱ्या पायरीवर बसले. मग एकेक आठवत गेलं. पायऱ्यांच्या कडांना तू हिवाळ्यातच पांढरी पट्टी चिकटवली होतीस. चपलांचं कपाट वाटेतून हलवलं होतंस. तुला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, पहिल्या दिवसापासून पाय ब्रेकजवळ ठेवून. माझी हौसही पुरी व्हावी आणि मी सुखरूप परतही यावं, म्हणून. अशी छाती मी आयुष्यात कुणाची पाहिली नाही, बाई.

तर आता उत्तर. आज सकाळी मी परिवहन कार्यालयात जाऊन माझं लायसन्स परत करून आले. खिडकीमागचा कारकून माझाच जुना शिकाऊ निघाला. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उभा राहिला. तिथून मी मिशीवाल्याकडे गेले आणि माझे उरलेले चार शिकाऊ त्याच्या हवाली केले. त्याला सांगितलं, माझ्या सुनेला तुम्ही चांगलं शिकवलंय. तो इतका चकित झाला की त्याला चहा विचारायचंही सुचलं नाही. तुझ्या नवऱ्याला रविवारी मी स्वतः सांगेन, तोवर पोटात ठेव. या पाकिटात गाडीची किल्ली आहे, गाडी तुझी. आपल्या परतीच्या वाटेवरच्या शेवटच्या उतारावर मी सहज खाली पाहिलं, तर माझ्या चपला खाली पडलेल्या, आणि मी सीटवर चक्क मांडी घालून बसलेली. किती वेळ तशी बसले होते, माझं मलाच ठाऊक नाही. माझ्या बाजूच्या ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. म्हणून काल गॅरेजवाल्यानं विचारलं, शेजारच्या सीटपुढची पेडलं ठेवायची की काढायची, तेव्हा मी सांगून टाकलं, काढ बाबा, माझे पाय अवघडतात.

तुझीच,
शेजारच्या सीटवरची सासू