गुरुवारचा तास

५ जुलै २०१२, गुरुवार
केशोराव गुरुजींनी शाळेत बोलावलं. माझी रचना दुसरीत आहे, तिच्यासाठी वेगळा प्लॅन करू म्हणाले. अर्धंच पुस्तक, आणि दर गुरुवारी गोंदियाहून येणाऱ्या नूतन मॅडमचा तास, वेगळ्या खोलीत. मी नाही म्हटलं. मुलगी फक्त लाजाळू आहे. आमच्या घराण्यात बारावी पास झालेली मी पहिली. माझ्या पोटी तसं मूल कसं येईल?
मी उद्धट बोलले का? बहुतेक नाही.

१२ जुलै, गुरुवार
मॅडमनी रचनाला नेलंच. मण्यांची माळ ओवून आली, गळ्यातून काढू देईना. मणी म्हणजे काय शिक्षण? माळ कपाटावर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, खेळून राहिली त खेळू दे ना वं, कायले हिसकतेस? त्या शिकलेल्या नाहीत.

२० जुलै
गुरुजी म्हणतात, डॉक्टर तपासतील, पोरगी नॉर्मल निघाली तर प्लॅन बंद. छान! शेजारच्या शामकलाबाईंच्या मुलाची तपासणी मागच्या वर्षी झाली. प्रश्न तेच असतात म्हणे. नाव? गाव? टमाटर कोणत्या रंगाचं? एका हाताला बोटं किती? गाय काय देते?
उद्यापासून रोज तयारी.

२१ जुलै
ही कॉपी तर नाही? खूप विचार केला. बारावीला मी अख्खं गाईड पाठ केलं होतं, तेव्हा कोणी कॉपी म्हटलं नाही.

३० जुलै
प्रगती! आता न विचारताच एका दमात म्हणते : रचना, दवनीवाडा, लाल, पाच, दूध. मध्येच विचारलं तर अडते. कॉन्फिडन्सचा प्रश्न आहे.

६ ऑगस्ट
तपासणी. डॉक्टरांनी त्याच क्रमानं विचारलं. पाचही बरोबर! गुरुवार नसून मुद्दाम आलेल्या नूतन मॅडम म्हणाल्या, सर, जरा उलटसुलट विचारा ना. डॉक्टरांना पुढे देवरीला जायचं होतं. मॅडमचा एवढा आकस का?
प्लॅन बंद. शाळेत पेढे दिले. गुरुजींनी पेढा घेतला, खाल्ला नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार
रचना वर्गात न जाता मॅडमच्या खोलीपाशी उभी राहते. सवय सुटेल.

६ सप्टेंबर, गुरुवार
तिला मागे भिंतीशी बसवतात. पाटी कोरीच. गुरुजींना म्हटलं, जरा लक्ष द्या. म्हणाले, अल्काबाई, तुम्हीच म्हनलं नॉर्मल हाय. आता सगळ्यांसारखंच शिकवून राहिलो ना. मॅडमचा तास परत मिळेल का, हेही विचारलं. केवळ माहिती म्हणून. पुढच्या वर्षीच्या तपासणीनंतर, म्हणाले.

१३ सप्टेंबर, गुरुवार
शाळा सुटली, रचना आली नाही. विहार, तलाव, शेतं, सगळं पाहिलं. अंधार पडल्यावर गोंदियाच्या शेवटच्या एसटीनं कंडक्टरनं आणून सोडली. मॅडमच्या मागोमाग दुपारच्या गाडीत चढली होती. गर्दीत मॅडमना दिसलीच नाही. गोंदियाच्या स्टँडवर एकटीच रडत होती. आपल्या गावातल्या एका बाईनं ओळखली म्हणून बरं. कंडक्टर म्हणाला, काऊन रडून राहिली विचारलं त म्हणे रचना. नाव विचारलं त दवनीवाडा. मायचं नाव विचारलं त लाल.
माळ कपाटावरून काढून गळ्यात घातली. जवळ घेतलं. विचारलं, बाळा, मी कोण?
माळेचे मणी चाचपले तिनं. मग म्हणाली, पाच.
मी म्हटलं, बरोबर.