स्वयंपाकघरातून गेलेली हद्द

प्रति,
मा. विभाग-हद्द प्रशासक
(तथा बर्फ काढणाऱ्या गाडीचे चालक),
ग्राम कार्यालय, टॉरेन, विस्कॉन्सिन.

अर्जदार : ऑर्विन स्कोगेन, ओढाकाठ रस्ता, टॉरेन.

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरातून जाणारी निवासी विभागांची हद्द मूळ जागी नेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दाराला चिकटवलेली. २) तीच नोटीस, वाऱ्याने उडाल्यावर आपण पुन्हा आणून दिलेली.

महोदय,

आपण व मी शाळेत एकाच बाकावर बसलो असलो, आणि दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळताना शेजारी उभे राहत असलो, तरी सरकारी काम सरकारी रीतीने व्हावे म्हणून हा अर्ज सादर करतो, तो येणेप्रमाणे :

१. गावाच्या नियमावलीनुसार वाकड्या ओढ्याच्या उत्तरेस निवासी विभाग दोन (एका घरात दोन कुटुंबे, दोन चुली चालतात) व दक्षिणेस निवासी विभाग एक (एक घर, एक कुटुंब, एक चूल) आहे. मोजणीदाराचा खर्च वाचावा म्हणून आपल्या वडिलांच्या कारकिर्दीत ठराव झाला की, हद्द ओढ्याच्या मध्यधारेने जावी. ओढा जागचा हलेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

२. माझे घर उत्तरेस होते. पत्नी मार्लिस वारल्यापासून पुढच्या भागात मी आणि मागच्या भागात सासूबाई श्रीमती हुल्डा त्वेट, आपापल्या चुलीसह राहतो. यंदा वसंतात बीव्हरांनी शेजारी थॉर्सन यांच्या शेतात झाडे कुरतडून बांध घातला, ओढा वळला, आणि आता तो माझ्या तळघरातून वाहतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. वॉशिंग मशीन गेले ते गेले.

३. आपण पाहणीस आलात, तळघरात बॅटरी मारून मध्यधार शोधलीत, आणि वर येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावलीत. त्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "लायल, आधी बूट काढ. हद्द काय, नंतरही आखशील. बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं तुला, तेव्हाही असंच सगळं ओलं करून ठेवलं होतंस." हे उद्गार पंचनाम्यात 'कामात अडथळा' या सदरी घेतले आहेत, ते कृपया वगळावेत.

४. हद्द घरातून गेल्यास कडक विभागाचा नियम अख्ख्या घराला लागतो, सबब दुसऱ्या कुटुंबाने महिनाअखेर घर सोडावे, असे नोटीस म्हणते. म्हणजे सासूबाईंची रवानगी जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात. तेथे त्यांना लेफ्से, म्हणजे त्यांच्या नॉर्वेजियन माहेरची बटाट्याची पातळ पोळी, लाटू देणार नाहीत, आणि लाटणे हातातून गेले तर त्या हिवाळा काढणार नाहीत, हे आपणही जाणता. उलट बांध पडतो शेती विभागात, जेथे जनावरांच्या निवाऱ्यास परवानगी लागत नाही. बीव्हरांच्या तीन पिढ्या एका घरात सुखाने नांदतात, त्यांना नोटीस नाही. मी बांध दोनदा फोडून पाहिला. त्यांनी तो दोनदा बांधला, दुसऱ्या खेपेस माझ्याच कुंपणाची लाकडे वापरून. यालाच दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, फक्त येथे पाणी भरपूर आहे.

५. आपण तोंडी सुचवलेत, "अरे, नियमात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. जेवा की दोघं एकत्र! मिटली कटकट." महोदय, सांगणे सोपे आहे. आमच्या टेबलाला खुर्च्या तीन आहेत. मार्लिस गेल्यावर त्या तिसऱ्या खुर्चीसमोर मला घास उतरेना, आणि सासूबाईंनाही उतरेना. चुली वेगळ्या झाल्या त्या भांडणाने नव्हे. गावाला भांडण वाटले, आम्ही वाटू दिले.

६. येथवरचा मजकूर सोमवारी लिहिला. बुधवारी आपण येऊन, महिनाअखेरची मुदत माणसांना आहे, चुलीला नाही, असे सांगून सासूबाईंच्या चुलीचा गॅस तोडलात. त्या संध्याकाळी त्या रिकामे ताट घेऊन पट्टी ओलांडून आल्या आणि थेट मार्लिसच्या खुर्चीत बसल्या. माझा बटाट्याचा रस्सा चाखून म्हणाल्या, "ऑर्विन, मीठ कुठंय यात? माझी पोर एवढी वर्षं हे गिळत होती?" आम्ही दोघेही हसलो, आणि मग बराच वेळ रडलो. रस्सा गार झाला. काल त्या पुन्हा आल्या, येताना स्वतःचे मीठ घेऊन.

७. सबब विनंती की, विषयात लिहिलेली मागणी रद्द समजावी. कागद चांगला होता म्हणून फाडला नाही. हद्द आहे तेथेच राहू द्यावी, आमची नोंद एक घर, एक चूल, एक कुटुंब अशी करावी, आणि बांधाला कोणी हात लावू नये. ओढा मागे गेला तर सासूबाईंना वेगळ्या चुलीचा हक्क पुन्हा मिळेल, आणि त्या फार हट्टी आहेत. तळघरातले पाणी मी सोसेन.

आपला नम्र,
हद्दीच्या दोन्ही बाजूंस राहणारा,
ऑर्विन स्कोगेन

टॉरेन, शुक्रवार, १६ मे

सोबत : १) बीव्हरांनी कुरतडलेले कुंपणाचे लाकूड, एक. २) लेफ्से, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या, चार. (लाच समजू नये. त्यांच्याशिवाय अर्ज घराबाहेर पडू दिला जात नव्हता.)

वाचून पाहिले. मी हट्टी नाही. बाकी सर्व खरे आहे.
हुल्डा त्वेट, कुटुंबप्रमुख