जीपच्या दाराचं माप

मंगळवार, दिवेलागण

पुठ्ठ्याच्या जीपचं दार दोनदा कापलं, तरी चौकटीत लहानच पडतंय. सलीमकाकांची गंगापूरला सवाऱ्या नेणारी जीप उद्या विकली जाणार. त्याआधी ही पुठ्ठ्याची त्यांच्या हातात द्यायचीच. पट्टी मीच बनवलेली, खऱ्या जीपच्या एका वितीला एक सेंटीमीटर. चुकेल कशी?

अन् आठवलं. बाकी जीप माझ्या वितीनं मोजली, पण दार काकांनी त्यांच्या वितीनं मोजलं! मी तेव्हा भजी खायला गेलेलो.

तसाच स्टँडवर गेलो. "काका, हात दाखवा."

"भविष्य सांगतो का रे?"

त्यांची वीत माझ्याहून दोन बोटं मोठी निघाली. पट्टीच्या दुसऱ्या कडेला तिच्या हिशोबानं जरा मोठ्या खुणा केल्या, नवं दार कापलं. टच्च बसलं. लई भारी!

पण खऱ्या जीपचं दार तर इतकं ढिलं, सवारीला ते हातानं धरून बसावं लागतं. एवढं पक्कं बघून काका म्हणतील, ही माझी नाय. बिजागरी जरा ढिली करून ठेवली.