पोपटी झालेली शाई

“हिरवी शाई कोण पिऊन राह्यलं या घरात?” असं सकाळी तुम्ही पुटपुटलात, तेव्हा मी मागेच वांगी निवडत होते. ती मीच. तुमच्या झरणीने माझं नाव लिहून पाहिलं. मग कमी दिसू नये म्हणून दौतीत पाणी घातलं, तर शाई पोपटी झाली. आता मोर्शीच्या मास्तरीणबाईंना फिकं पत्र जाईल.

मी माहेरी गेले की तुम्ही मला काळ्या शाईत एक ओळ धाडता, “गाय व्याली, लवकर ये.” त्यांना हिरवी चार पानं! घरात सगळे म्हणतात, संत्र्याच्या कलमांची चौकशी असते. मीही मान डोलावते.

भाकरी टोपल्यात झाकल्या आहेत. मी अकोल्याला ताईकडे जाते. बोलवायचं असेल तर हिरव्या शाईत बोलवा. गाय इतक्यात व्यायची नाही.

हे लिहिताना सासूबाई जवळ येऊन बसल्या. माझं हिरवं बोट पदराने पुसत म्हणाल्या, “कलमाले कोणी चार पानं लिहीत नाही, मनकर्णे. माह्या पोराचं मन त्या बाईवर गेलं हाय.”