नाल्याकाठची कळलावी

हिंगणी, भाद्रपद, १९५४

दुपारपासून वहिनीला कळा सुरू आहेत. सुईणबाई आईला म्हणाली, "अडलं तं कळलावीचा कंद उगाळून पोटाले लावू. पोरीले पाठवजो, तिले जागा मालूम आहे."

नाल्याकाठी आता एकच वेल उरली आहे. बाकीच्या अशाच बाळंतपणांत खणून नेल्या. म्हणून मी गेले आणि तिची लाल-पिवळी फुलं खुडून टाकली. फुलांशिवाय ती कुणाला ओळखू येणार नाही. घरी सांगितलं, वेल गेली.

पण फुलं खुडली म्हणजे यंदा बीही धरणार नाही. मग वाचवलं काय मी?

आता सुईणबाई दारात येऊन विचारते आहे, "पोरी, एकही वेल नाई काय?"

माझ्या जन्माच्या वेळी आईची सुटका कळलावीच्याच कंदानं झाली होती.